आत्तीचं पेन्शन

आमच्या आत्तीचं लष्कराचं पेन्शन मधेच थांबलं. ते परत सुरू करून घेताना जे कळलं ते लिहितेय. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात गावोगाव माजी सैनिक आहेत, त्यातल्या कुणाला तरी उपयोग होईल.

संरक्षण खात्याचं पेन्शन आता प्रयागराजच्या कार्यालयाकडून ‘स्पर्श’ प्रणालीतून येतं. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा, नाही दिला तर पैसे थांबतात. आत्तीचे बोटांचे ठसे वयामुळे उमटेनात. शिवाय आधारवर नावाला ‘बाई’ चिकटलेलं आणि आडनाव गायब, तर पेन्शनच्या आदेशात वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव. त्यामुळे दाखला काही जाईना.

सेवा केंद्रातल्या मुलानं कागद न बघताच विचारलं, "अज्जी, यजमान कुठल्या बटालियनला होते?" आणि विधवेच्या कौटुंबिक पेन्शनचा अर्ज पुढं सरकवला.

"यजमान नाहीत. फौजेत हीच होती, लष्करी नर्स, लेफ्टनंट कर्नल," मी म्हटलं.

पुढच्या कचेरीत परत तेच. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र ज्या बेळगावात आहे, तिथंही बाई स्वतः फौजी असेल हे कुणाच्या मनात येत नाही, याचं मला फार वाईट वाटलं. आणि लष्करातली नर्सिंग सेवा काही कालची नाही. १८८८ साली लष्करी रुग्णालयांसाठी दहा ब्रिटिश परिचारिका मुंबईत उतरल्या, तिथून तिची सुरुवात. भारतीय सैन्यात मेजर जनरल झालेली पहिली स्त्री, गर्ट्रूड अ‍ॅलिस राम, लष्करी नर्सच होती. साल १९७६.

यजमानांचा प्रश्न आत्तीला जास्त लागला असणार, पण ती बोलली नाही. लग्न झालं की नर्सची नेमणूक संपवता येईल, असं १९७७ च्या लष्करी सूचनेत लिहिलेलंच होतं. ती सूचना १९९५ मध्ये मागे घेतली. लग्न केलं म्हणून १९८८ मध्ये काढलेल्या लष्करी नर्स सेलिना जॉन यांना सुप्रीम कोर्टानं साठ लाख रुपये द्यायला लावले, ते २०२४ मध्ये. आत्तीनं लग्न न करता नोकरी धरली.

जुना आदेश शोधायला तिची ट्रंक उघडली तेव्हा कागदांत पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडलची नोंद सापडली. पश्चिमी स्टार १९७१ च्या युद्धात पश्चिम आघाडीवर असलेल्यांना मिळाला. "कुठं होतीस तू?" विचारल्यावर म्हणाली, "पठाणकोटला." एवढ्या वर्षांत घरात कुणी विचारलंच नव्हतं.

सरहद्दीपलीकडं, पाकिस्तानातल्या शकरगडच्या बाजूला सुरुंग फार पेरलेले, त्यामुळं पाय गेलेली पोरं जास्त यायची. ब्लॅकआऊट असल्यानं गाड्या दिवे झाकून यायच्या. आत्ती सांगत होती, "जखम लगेच शिवायची नाही. मेलेलं मांस काढायचं, उघडी ठेवायची, चार-पाच दिवसांनी स्वच्छ दिसली तर टाके. नाहीतर आत सडते." ड्रेसिंग सोडल्याबरोबर वासावरून तिला कळायचं. काचेच्या सिरिंजा उकळून उकळून हाताची कातडी गेली होती. एक पोरगा आपल्याच तालुक्यातला. गुडघ्याखाली पाय नाही, आणि रात्री म्हणायचा, "सिस्टर, अंगठ्याला खाज सुटल्या." ती चादरीवर, जिथं अंगठा असता तिथं, खाजवायची. त्याला बरं वाटायचं. पुढं त्याला पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात पाठवलं.

हे सगळं ती कागद लावता लावता, मधे चष्मा पुसत सांगत होती.

आता कामाचं. लष्करी नोंदीतलं नाव बदलायला दिल्लीपर्यंत पत्रव्यवहार करावा लागला असता, म्हणून आधारच दुरुस्त केलं. तिचं फोटोचं ईसीएचएस कार्ड (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं), ज्यावर नाव पूर्ण आहे, ते पुरावा म्हणून चाललं. पोस्टातल्या आधार केंद्रात इंग्रजीबरोबर कन्नड अक्षरंही नीट वाचून घ्या. कन्नड येत नसेल तर येणाऱ्याला सोबत न्या, सही त्यानंतरच. ठशांचा प्रश्न मोबाइलवर सुटला. ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन अ‍ॅप टाकली, आत्तीला दाराच्या उजेडात बसवलं, चेहऱ्यावरून ओळख पटली. पेन्शन देणारी संस्था निवडताना बँक निवडू नका, ‘स्पर्श’ निवडा. बँकेच्या नावावर गेलेला दाखला पोचत नाही.

थोड्या दिवसांनी थकबाकीसकट पैसे जमा झाले. आमच्या गावच्या माजी सैनिकांच्या फलकावर मात्र आत्तीचं नाव अजून नाही. सेवेच्या कागदांच्या प्रती जोडून ग्रामपंचायतीकडं अर्ज दिलाय, हुद्द्यासकट नाव लिहा म्हणून.