मंगळवार : किंग रँच चिकनचे थर

आज किंग रँच चिकन, म्हणजे मक्याच्या टॉर्टिया (पातळ मेक्सिकन पोळ्या), चिकन, सॉस आणि चीज यांचे थर ट्रेमध्ये रचून ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ. टेक्सासात चर्चच्या पंगतीला किंवा बाळंतिणीच्या घरी पोचवायला हा ट्रे ठरलेला. किंग रँच म्हणजे दक्षिण टेक्सासमधलं १८५३ पासूनचं गुरांचं अवाढव्य कुरण. तिथल्या गाईबैलांचा या कोंबडीशी संबंध काय, हे आजवर कुणी नीट सांगितलेलं नाही.

आठवड्याच्या मधल्या वारी जमतं, कारण चिकन शिजवायचं नसतं. दुकानातली भाजलेली अख्खी कोंबडी आणून मांस हाताने सोडवायचं. तीन-साडेतीन कप निघतं, ९ बाय १३ इंचांच्या ट्रेला पुरतं.

सगळी मेख पाण्यात आहे. मक्याच्या टॉर्टियात ग्लुटेन नसतं, त्यामुळे कच्च्या लावल्या तर सॉस पिऊन त्यांचा लगदा होतो आणि थर उरतच नाहीत. म्हणून १२ टॉर्टिया तापलेल्या तव्यावर, तेलाचं बोट फिरवून, दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिनिट भाजायच्या. तपकिरी ठिपके हवेत, पण वाकवल्यावर मोडायला नकोत. गव्हाच्या टॉर्टिया इथे चिकट होतात, त्या नकोच.

सॉससाठी जुन्या घरांत क्रीम ऑफ मशरूम आणि क्रीम ऑफ चिकन या डबाबंद घट्ट सुपांचा एकेक डबा ओततात. चव तीच हवी असेल तर खुशाल ओता, फक्त वरून मीठ घालू नका. मला घरचा बरा वाटतो : ४ टेबलस्पून लोण्यात ५ टेबलस्पून मैदा दोन मिनिटं परतायचा, दीड कप चिकन स्टॉक आणि एक कप दूध थोडं थोडं घालत घोटायचं. चमच्याच्या पाठीवर जाड साय धरली की झालं. दुसऱ्या कढईत एक कांदा, एक ढोबळी मिरची आणि रोटेलचा २८३ ग्रॅमचा डबा (टोमॅटो, हिरवी मिरची). हे पाणी आटेपर्यंत परतायचं. इथे घाई केली की ट्रेच्या तळाशी तळं साचतं.

एक चमचा जिरेपूड, दोन चमचे चिली पावडर. ही अमेरिकन चिली पावडर, म्हणजे मिरचीत जिरं, लसूण, ओरेगानो मिसळलेली. आपलं लाल तिखट त्याच मापाने घातलं तर जेवणारे पाणीच पीत बसतील. पाव चमचा पुरे. सॉस, भाजी, मसाले आणि चिकन एकत्र करायचं.

चीज ३०० ग्रॅम, चेडर आणि माँटेरे जॅक निम्मं-निम्मं, घरी किसलेलं. पाकिटातल्या किसाला गुठळ्या होऊ नयेत म्हणून स्टार्च लावलेला असतो, तो नीट वितळत नाही.

ट्रेला तेलाचा हात. सहा टॉर्टिया : काहींचे दोन तुकडे करून सरळ कड भिंतीला लावायची, म्हणजे कोपरे रिकामे राहत नाहीत. वर निम्मं मिश्रण, निम्मं चीज. पुन्हा तसंच. १७५ अंश सेल्सियसला ३० मिनिटं, झाकण नको. कडेने बुडबुडे आले आणि मधोमध खुपसलेली सुरी गरम निघाली की बाहेर. दहा मिनिटं हात लावायचा नाही, नाहीतर वडी न पडता सगळं ताटात पसरतं.

आदल्या रात्री रचून ठेवायचं तर टॉर्टिया सॉस ओढतात, म्हणून अर्धा कप स्टॉक जास्त आणि ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं अधिक. काचेचा ट्रे फ्रिजमधून थेट तापल्या ओव्हनमध्ये घालू नये, तडकतो.