पैलाडची भिंत: लोणा, चुना आणि तिरंगीचा डावा कान

पैलाडच्या गल्लीतल्या एका भिंतीवर मी तिथल्या नसबंदी झालेल्या मांजरांची चित्रं काढते. त्यातल्या तिरंगीचा, म्हणजे काळ्या-केशरी-पांढऱ्या मांजरीचा, उजवा गाल भिंतीवरून सुटला. नुसता रंग उडाला नाही, पापुद्राच्या पापुद्रा निघाला आणि मागे पांढरी भुकटी राहिली. मागच्या वेळी ज्यांनी तिच्या डोळ्यांबद्दल लिहिलं होतं त्यांना आधी सांगते, डोळे शाबूत आहेत. गेलं ते जमिनीपासून तीनेक फुटांपर्यंतचं: गाल, छातीचा पांढरा भाग, तीन पायांच्या काळ्या बोक्याची शेपटी, आणि मांज्यात अडकलेलं जे गव्हाणी घुबड आपण वनविभागाकडे दिलं होतं त्याच्या खालची फांदी.

हा लोणा आहे, म्हणजे ओलीबरोबर भिंतीवर येणारे क्षार. शंका असेल त्यांनी भुकटी चमचाभर पाण्यात टाकून बघावी. क्षार विरघळतात, सुटलेल्या चुन्याची किंवा पुट्टीची भुकटी तळाशी बसते. आमची पूर्ण विरघळली.

भिंत आतून जुन्या विटांची आहे, खाली ओल अडवणारा थर नाही, आणि पाया काळ्या मातीत. ही माती पाणी धरून ठेवते, त्यात कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळाचं सांडपाणी बरोबर पायाशी मुरतं. विटा ते पाणी वर ओढतात, सोबत मातीतले आणि विटेतले क्षार येतात. पावसाळ्यात हवाच ओली, त्यामुळे पृष्ठभागावर काही दिसत नाही. दिवाळीनंतर कोरडा वारा सुटला की पाणी उडून जातं, क्षारांचे स्फटिक रंगामागे वाढतात आणि रंगाला बाहेर ढकलतात. वरून कधीतरी सिमेंटचा गिलावा झालेला, त्यावर इमल्शनचे थर. ओलीला बाहेर पडायला वाट राहिली नाही, म्हणून ती वर चढत गेली.

ओल पायातूनच येते की हवेतली बसते, हे पाहायला प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर डकवून रात्रभर ठेवला. सकाळी थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला होते, म्हणजे ओल भिंतीतलीच.

दुकानदाराचा सल्ला होता, ओलरोधक प्रायमर दोन हात मारा आणि पुन्हा रंगवा. प्रायमरला माझा विरोध नाही, छतावर तो कामाचा आहे. पण खालून पाणी चढणाऱ्या भिंतीचं तोंड बंद केलं की लोणा फूटभर वर सरकतो. पुढच्या वर्षी तिरंगीचे डोळे गेले असते. टाइल लावून झाका म्हणणाऱ्यांनाही माझं हेच उत्तर आहे.

वाट दाखवली गल्लीतल्या नानांनी. त्यांनी तरुणपणी वाड्यांची चुन्याची कामं केली आहेत, चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाच्या चक्कीत, मळलेला चुना हाताळलेला माणूस. भिंतीला हात लावून म्हणाले, "ताई, सिमेंटले श्वास नही. चुनाले शे." आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची थापी घेऊन आले.

मग लोणा चढलेल्या रेषेच्याही फूटभर वरपर्यंत सिमेंटचा गिलावा उतरवला. विटांचे सांधे खरवडले. क्षार कोरड्या खराट्याने झाडले आणि खाली चादर अंथरून ते उचलून नेले, नाहीतर पहिल्या पाण्याबरोबर ते परत पायात जातात. लोणा दिसला की पाइप लावून भिंत धुण्याची सवय फार पसरली आहे. कृपा करून धुऊ नका, क्षार विरघळून विटेत आणखी खोल जातात. नळाच्या सांडपाण्याला गल्लीतल्या मुलांनी चर खणून दिला. या सगळ्या कामातला सर्वांत मोठा फरक कदाचित त्या चरानेच पडेल.

उरलेले क्षार ओढायला लेप केला. मुलतानी माती, वर्तमानपत्राचा लगदा आणि थोडी धुतलेली वाळू, कालवायला आरओच्या जारचं पाणी. बोअरचं पाणी इथे चालत नाही, त्यातच क्षार असतात. बोटभर जाडीचा लेप विटांवर थापायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. वाळताना विटेतलं पाणी लेपात येतं, क्षार घेऊन येतं, आणि लेप स्वतःहून सुटायला लागतो. पहिला लेप उतरवला तेव्हा त्याच्यावर पांढरी साय धरली होती. ती साय पाहून मला जो आनंद झाला तो अलीकडच्या कुठल्याही चित्राने दिलेला नाही. पुढच्या लेपांवर ती विरळ होत गेली, तेव्हा थांबलो.

नवा गिलावा चुन्याचा: भिजवून मुरवलेला चुना एक भाग, धुतलेली वाळू तीन भाग, वर थोडी सुरखी, म्हणजे विटांची भुकटी. कोरड्या भुकटीचा चुना पिशवीत येतो, पण शक्य असेल तर कळीचा चुना आणून स्वतः विरजवा, म्हणजे पाण्यात विझवून मुरवा, पोत वेगळाच येतो. चष्मा आणि हातमोजे घालूनच. पिंप रात्री फळी आणि जाळीने झाकून वर दगड ठेवा, कारण ओला चुना पंजे भाजतो, पंजा चाटला की तोंडही, आणि ज्या गल्लीत आपण मांजरांसाठी काम करतो तिथे मांजरं रात्री सगळं तपासून जातात.

चुन्यात मूठभर मीठ घालायचा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. एरवी घाला, लोणा लागलेल्या भिंतीवर नको. लाकडाचा पांढरा गोंदही नको, त्याचा पडदा बनतो आणि आपण पुन्हा इमल्शनपाशी येतो.

चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होतो, आणि त्यासाठी त्याला ओलावा लागतो. आपल्या खानदेशच्या उन्हाळ्यात तो तासाभरात वाळून नुसती पूड राहिली असती. हे काम थंडीतच शक्य होतं. तरीही दुपारचा वारा कोरडा, म्हणून भिंतीपुढे ओली गोणपाटं टांगली आणि सकाळ-संध्याकाळ फवारणी केली. गल्लीतल्या मावशींनी ती पाळी आपसात वाटून घेतली, मला कुणाला आठवण करावी लागली नाही.

रंग चुन्याला टिकणारेच घ्यायला हवेत: गेरू, पिवळी माती, लादीच्या कामाचे लाल, पिवळे, काळे ऑक्साइड. हार्डवेअरच्या दुकानात सुटे मिळतात आणि कलासाहित्याच्या दुकानातल्या छोट्या बाटल्यांपेक्षा कितीतरी स्वस्त. आपल्यापासून जवळच, अजिंठ्याला, लाल-पिवळी माती आणि काजळीवर केवढं उभं आहे ते पाहिलं की मोठ्या छटातक्त्याची ओढ कमी होते. तिथली पद्धत मात्र वेगळी, वाळलेल्या थरावर डिंक-सरसासारख्या बंधकात रंग.

अडलं ते काळ्यावर. चुन्यात काळा ऑक्साइड मिसळला की ओला असताना कोळशासारखा, वाळला की राखाडी. प्रमाण वाढवावं तर चुन्याच्या एक दशांशापुढे तो धरत नाही, हाताला लागतो. काजळी पाण्यावर तरंगते, ती डिंकाच्या पाण्यात आधी भिजवावी लागते, आणि एवढं करूनही राखाडीच. विटांचे तुकडे रंगवून रंगवून अंगणात रांग लावली होती. तिरंगीचा काळा पट्टा राखाडी होणं मला मान्य नव्हतं, ती मांजर तशी नाहीच.

शेवटी काळा चुन्यात मिसळणंच सोडलं. नीरूचा, म्हणजे गिलाव्यावरच्या गुळगुळीत चुन्याच्या थराचा, शेवटचा हात ओला असतानाच त्यावर निव्वळ पाण्यात घोटलेला ऑक्साइड लावला. वाळताना आतलं चुन्याचं पाणी पृष्ठभागावर येतं आणि रंगाला तिथेच बांधतं. विटेवर काळा काळाच राहिला, बोट फिरवलं तरी लागला नाही! त्यामुळे आधीचा बेत, म्हणजे गिलावा पूर्ण वाळवून वरून रंगीत चुना मारायचा, तो बाजूला ठेवला आहे. आता रोज जेवढं रंगवून होईल तेवढ्याच भागावर नीरू चढवायचा. सांधे ठिपक्यांच्या कडेवर लपवता येतात, आणि तिरंगी मांजर याला अगदी सोयीची आहे.

ठिपके रंगवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. मांजरात पांढरा जितका जास्त तितके काळे-केशरी ठिपके मोठे आणि सुटे. पांढरा नसेल तर दोन्ही रंग केसाकेसात मिसळलेले दिसतात. आणि केशरी भागात पट्टे असतातच, काळा भाग एकसंध असू शकतो. म्हणून केशरीवर पिवळ्या मातीचा हात, वर गेरूचे बारीक पट्टे, मगच ते खरं दिसतं. केशरीचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि एक्स दोन असतात ते मादीत, म्हणून तिरंगी जवळजवळ नेहमी मादीच. ते जनुक नेमकं कोणतं हे जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलं. गल्लीतल्या मुलींना हे सांगितलं तर त्या ओळखीच्या सगळ्या तिरंगी मोजायला पळाल्या.

मिशांचा प्रश्नही सुटला. पातळ ब्रशच्या मिशा या पोतावर तुटतात. म्हणून नीरूने गालाचा रंग अर्धवट ओढून घेतल्यावर खिळ्याने एका दमात ओरखडा काढला, खालचा पांढरा नीरू उघडा पडला. मिशी! महागड्या लायनर ब्रशने मला इतकी सरळ रेघ कधी दिली नव्हती.

आता मूळ मुद्दा, कान. ही भिंत गल्लीतल्या नसबंदी झालेल्या मांजरांची नोंदवही व्हावी म्हणून सुरू केली. शस्त्रक्रियेच्या भुलीतच कानाचं टोक सरळ कापतात, आमच्या इथे डाव्या कानाचं, म्हणजे तीच मांजर पुन्हा पकडून पुन्हा भूल दिली जात नाही. चित्रातला कान तसाच सपाट हवा. तिरंगीचा कान ओल्या नीरूवर रंगवला तेव्हा समोरच्या घरातली चिमुरडी ओरडली, "हाई आमनी मनी शे! कान देख ना!" लगेच तिने मागच्या बोळातल्या दोन मांजरींची नावं सांगितली, ज्यांचे कान अजून टोकदार आहेत. त्यांना पकडायची तारीख डॉक्टरांशी ठरली आहे.

हे लिहिता लिहिताच एक सुचलं. खालचे दोन फूट चित्र काढायचंच नाही. तिथे साधा पांढरा चुना, जो श्रावणात कानबाईच्या सणाआधी घरं सारवताना गल्लीने स्वतः मारावा. क्षार येतील ते त्या थरात येतील, खराट्याने झाडायचे, नवा हात द्यायचा. त्यासाठी कुणी चित्रकार लागणार नाही. मांजरं वर, कठड्याच्या उंचीवर बसलेली, आणि खऱ्या मांजरी बसतातही तिथेच. तीन पायांचा काळा मात्र जमिनीवरचा आहे, त्याला वर कसं न्यावं हे ठरलेलं नाही. बहुतेक ओट्याची एक पायरी रंगवून त्यावर बसवेन.

पाण्याचं कुंड भिंतीला टेकून बांधायचं होतं, तेही रद्द, पुन्हा पायात ओल नको. ते समोरच्या निंबाखाली जाईल. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत खाणं घालण्याची जागा जिने, ये-जा करायची दारं आणि मुलांच्या खेळण्याच्या जागांपासून लांब ठरवायला सांगितलं आहे, निंब त्यातही बसतो.

वरच्या पट्टीचा मजकूर दोनच ओळींचा ठेवते: "मांजराला पॅरासिटामॉल देऊ नका, जीव जातो." आणि "गारठलेल्या पिलाला आधी ऊब, मग दूध." दूध कुठलं, हे विचारायला आलेल्याला तोंडी सांगू, गायीचं नको, पिलांसाठीचं पावडरचं. अक्षरं कोण काढणार हे ठरायचं आहे. पाटीवाल्या पेंटरशी बोलणं चालू आहे, त्यांचा हात माझ्यापेक्षा फार चांगला.

घुबडाच्या फांदीसाठी मला मातकट हिरवा हवा आहे, चुन्यात टिकणारा. क्रोम ऑक्साइड हिरवा टिकतो, पण पाकिटातला फार थंड वाटतो. त्यात पिवळी माती मिसळून विटेवर हात मारून ठेवला आहे, वाळला की फोटो टाकते. कुणाकडे खरी हिरवी माती असेल तर पावभर पुरे. आणि चाळीसगाव-धुळे बाजूच्या कुणाला चुन्याची चालू घाणी ठाऊक असेल तर नक्की कळवा, नानांना ती पाहायला जायचं आहे.