तुम्ही विचारलंत म्हणून: निळूभाऊंचा आवडता डायलॉग

नट निळू फुल्यांचा विषय निघाला आणि मी त्यांचा चाहता आहे हे कळलं, की समोरचा हमखास विचारतो, "मग तुमचा आवडता डायलॉग कोणता?" मी तोंड उघडायच्या आत तोच घशातून आवाज काढून 'बाई, वाड्यावर या' म्हणून मोकळा होतो. हशा पिकतो, मीही हसतो, आणि उत्तर राहून जातं. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: आवडता डायलॉग असा एकही नाही. निळूभाऊ बोलत नसतात तेव्हा मला जास्त आवडतात.

'सामना' हा चित्रपट घ्या. त्यात निळूभाऊ हिंदुराव झालेत. हिंदुराव धोंडे-पाटील म्हणजे साखर कारखान्याचा आणि त्या अख्ख्या मुलुखाचा धनी. दारू पिऊन पडलेल्या एका मास्तरला तो उचलून घरी आणतो, त्याची बडदास्त ठेवतो, आपलं वैभव दाखवतो. या मास्तरच्या डोक्यात एकच प्रश्न घर करून बसतो: मारुती कांबळेचं काय झालं? मास्तर झालेल्या डॉ. श्रीराम लागूंच्या तोंडचा तो प्रश्न महाराष्ट्रानं उचलला. वर्तमानपत्रांचे मथळे झाले, भाषणं झाली. प्रश्न लक्षात राहिला, पण तो ज्याच्या अंगावर येऊन आदळत होता त्या माणसाकडे कितीजणांनी नीट पाहिलं? आधी हिंदुराव ते हसण्यावारी नेतो. मग वैतागतो. मग कुठंतरी आत पाल चुकचुकते, आणि तरीही यजमानाचा रुबाब सुटता कामा नये. हे सगळं निळूभाऊ ऐकता ऐकता करतात. तेंडुलकरांनी लिहिलेलं आहेच, जब्बार पटेलांनी बसवलेलंही आहे. पण समोरच्याचं वाक्य चालू असताना चेहऱ्यावर काय होतं, ते कुठल्या संहितेत लिहून मिळत नाही.

'सिंहासन' (१९७९) तर जवळजवळ सगळा ऐकण्याचाच चित्रपट आहे, निदान त्यांच्यापुरता. दिगू टिपणीस हा पत्रकार. मुख्यमंत्र्यांपासून कामगार पुढाऱ्यापर्यंत सगळ्यांकडे त्याचं जाणंयेणं, सगळ्यांचे डाव त्याला ठाऊक, आणि त्याच्या हातात मात्र काही नाही. अरुण सरनाईक, लागू असे एकेक तालेवार नट आपापले प्रसंग जिंकून जातात. निळूभाऊ बाजूला उभे. शेवटी रस्त्यावर दिगूला वेड्यासारखं हसू फुटतं, तेव्हा लक्षात येतं की इतका वेळ ऐकलेलं सगळं या माणसाच्या आत साचत होतं. त्या हसण्याची नक्कल करताना मी अजून कुणाला पाहिलेलं नाही.

मग लोकांना आवाजच का आठवतो? कारण सरळ आहे. १९६८च्या 'एक गाव बारा भानगडी'मधला त्यांचा झेलेअण्णा गाजला आणि तेव्हापासून गावोगावच्या पाटील-सरपंचांच्या भूमिका त्यांच्याकडे चालून येऊ लागल्या. त्यातल्या बऱ्याच भूमिकांना अंग नव्हतं. तिथं तो आवाज, तो रोखलेला डोळा एवढ्यावर भागायचं, आणि त्यांनी भागवलंही. चाहता म्हणून हे कबूल करायला मला जड जात नाही. पन्नास चित्रपटांत तोच गावगुंड करायला लावला, तर कुणीही दुसरं काय करणार? बायाबापड्या त्यांना समोर पाहून बोटं मोडायच्या, असं सांगतात. हीच माणसं त्यांच्या जाण्यानं हळहळली.

१३ जुलै २००९ला पुण्यात ते गेले. त्यानंतर जो तो सांगू लागला, की पडद्यावर एवढा वाईट, पण माणूस म्हणून किती चांगला! खरंच होते चांगले. पण हे वाक्य प्रत्येक खलनायकाच्या तिरडीवर वाहतात, त्यामुळे मला त्यात राम वाटत नाही. मला दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. हा माणूस राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेला. त्याआधी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला. सत्ता त्यांनी पाहिली ती खालून. माझा आपला अंदाज, की म्हणूनच त्यांचा पाटील कधी डोळे गरागरा फिरवत नाही. ज्याच्या शब्दाबाहेर गाव नाही, त्याला ओरडायची गरजच काय? बसल्या जागेवरून तो अर्धं वाक्य बोलतो आणि उरलेलं समोरच्यानं समजून घ्यायचं असतं. १९८४च्या हिंदी 'सारांश'मधला गजानन चित्रे पाहा. शहरातला पुढारी, पण जात तीच.

रंगभूमीवरचं काम पाहायला मिळालेले लोक माझ्यापेक्षा नशीबवान. १९७२ साली तेंडुलकरांच्या नाटकातला सखाराम बाइंडर पहिल्यांदा उभा केला तो त्यांनीच, आणि त्यावरून केवढा गदारोळ झाला, कोर्टापर्यंत प्रकरण गेलं, हे सगळ्यांना माहीत आहे. पुढं सामाजिक कृतज्ञता निधीसाठी, म्हणजे पूर्णवेळ कार्यकर्त्यांना चार पैसे मिळावेत म्हणून, लागूंबरोबर 'लग्नाची बेडी'चे प्रयोगही केले. विनोदी नाटक, बरं का. वाड्यावरच्या पाटलाला लोकांनी तिकीट काढून हसून घेतलं.

आता कुठून सुरुवात करू, असंही पुढं कुणी विचारतंच. आधी 'सिंहासन' पाहा, 'सामना' नंतर. उलट केलंत तर दिगूच्या चेहऱ्यात हिंदुराव शोधत बसाल, आणि दिगू बिचारा एवढा गप्प आहे की तेवढ्यात हातचा निसटेल.