एक्समूर पाहायचंय? आधी गाडीचा काउंटर पार करा

"इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट कुठंय?" या एका प्रश्नापायी आमचा अर्धा दिवस गेला. इंग्लंडच्या एक्समूर नॅशनल पार्कात बस मोजक्याच, आणि सोबत गुडघेदुखीच्या सासूबाई, म्हणून ब्रिस्टलला भाड्याची गाडी बुक केली होती. माझं लायसन्स महाराष्ट्राचं, मजकूर इंग्रजीत. पर्यटकाला भारतीय लायसन्सवर तिथे 12 महिने छोटी गाडी चालवता येते, हा तिथल्या सरकारचाच नियम. बुकिंगच्या अटींतही परमिटचा उल्लेख नव्हता. काउंटरवरचा मुलगा मात्र ऐकेना. सरकारी पान फोनवर उघडून दाखवलं, तर म्हणे सिस्टीम पुढे जाऊ देत नाही. मॅनेजरबाई जेवायला गेलेल्या. सासूबाई बॅगेवर बसून राहिलेल्या. शेवटी बाई आल्या, लायसन्स उलटसुलट पाहिलं आणि दोन मिनिटांत किल्ली हातात! दोन मिनिटांचं काम होतं, याचाच राग अजून जात नाही.

तेव्हा नियम आपल्या बाजूने असला तरी 'परिवहन' पोर्टलवर अर्ज करून आरटीओचं परमिट काढूनच निघा. डिपॉझिटला क्रेडिट कार्डही गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं मागतात.

या घोळात डन्स्टरचा किल्ला राहिलाच. पोर्लॉकचा चढ चारास एक आहे, म्हणजे चार मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. बाजूने सौम्य टोल रस्ताही जातो, पण मी मूळ चढच चढले. वरंधा घाट चालवलेल्यांनी घाबरू नये. वर ऑगस्टमध्ये माळच्या माळ हेदरच्या फुलझुडपांनी जांभळे होतात, आणि रानात मोकळे चरणारे एक्समूर घोडे दिसतात, नाकाडोळ्यांभोवती पीठ लागल्यासारखे फिकट.

लिनमथची 1890 सालची क्लिफ रेल्वे, म्हणजे कड्यावर चढणारी रेल्वे, चुकवू नका. वरच्या डब्याच्या टाकीत नदीचं पाणी भरतात. तो जड होऊन खाली येतो आणि दोराने खालच्याला वर ओढतो. ना वीज, ना इंजिन. ऑगस्ट 1952 मध्ये याच गावात एका रात्रीच्या पुराने 34 माणसं गेली. सासऱ्यांनी लहानपणी पुण्यात पानशेतचा पूर पाहिलेला. लिनमथच्या पुराची माहिती वाचताना ते बराच वेळ जागचे हलले नाहीत.

हो, गाडी लहानच घ्या. तार स्टेप्सच्या जुन्या दगडी पुलाकडे जाणारे रस्ते इतके अरुंद आहेत की समोरून कोणी आलं तर रिव्हर्स घ्यावाच लागतो.