नंबर सतरा, हजर

दहावीच्या वर्गाला निरोप द्यायची माझी ही बाविसावी खेप. एव्हाना सगळं पाठ झालंय. कोण रडणार, कोण रडणाऱ्याला हसणार आणि मग स्वतःच बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन येणार, हे मी आठवडाभर आधी सांगू शकते. भाषणांचा तर मला कंटाळाच. ‘ही शाळा म्हणजे आमचं दुसरं घर’ असं म्हणणारा मुलगा तीन वर्षं घंटा व्हायच्या आधीच दप्तर भरून बसलेला असतो.

म्हणून यंदा भाषणं रद्द केली. प्रत्येकाला अर्धा कागद दिला आणि सांगितलं, आठवीच्या वार्षिक परीक्षेत कोणत्या विषयात किती पडले ते आठवून लिहा. आठवीचं गुणपत्रकांचं रजिस्टर आणि वर्गाचा ग्रुप फोटो मी ऑफिसातून आणून ठेवला होता.

ही कल्पना माझी नाही. हॅरी बाहरिक नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कॉलेजातल्या 99 मुलांना हायस्कूलमधल्या आपापल्या श्रेणी आठवायला लावल्या आणि शाळेच्या दप्तराशी ताडून पाहिल्या. 1996 साली तो अभ्यास छापून आला. एकूण 3,220 श्रेणी. ‘ए’ मिळालेला असला तर 89 टक्के वेळा बरोबर आठवला, ‘डी’ मात्र 29 टक्केच. आणि चुकले त्यांतले बहुतेक स्वतःला वर चढवूनच चुकले. हे वाचल्यापासून माझे हात शिवशिवत होते.

आमच्याकडेही तेच. हिंदीत 71 लिहिलेल्याचे निघाले 58. तो रजिस्टरकडे असा बघत राहिला की जणू मीच खाडाखोड केलीय. पहिल्या बाकावरच्या मुलीने गणितात 99 लिहिले आणि ते बरोबर होते. शेजारी कंसात लिहिलं होतं, ‘एकक लिहिलं नाही म्हणून एक कापला’. कापणारी मीच. दोन वर्षं सांभाळला होता तिने तो एक मार्क.

मग विषय मार्कांवरून गोष्टींवर गेला, आणि वर्गाने माझी ठेवणीतली गोष्ट मागितली. ती अशी: आठवीच्या पहिल्याच दिवशी एक मुलगा चुकून दहावीच्या वर्गात येऊन बसला. मी हजेरी घेत होते. सतरा नंबर पुकारला. तो नंबर ज्याचा, तो आलाच नव्हता. पण मागून बारीक आवाज आला, ‘हजर!’ अख्खा तास तो मुलगा वहीत उतरवून घेत बसला. शेवटी वही बघितली तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि मी त्याला शिपायाबरोबर त्याच्या वर्गात पाठवलं.

तो मुलगा म्हणजे आमचा वर्गप्रतिनिधी. गेली दोन वर्षं मी हे सहलीत सांगितलंय, पालकसभेत सांगितलंय. आता तर तो स्वतःच सांगतो, माझ्यापेक्षा रंगवून. ‘हजर’ म्हणताना आवाज कसा चिरकला तेही करून दाखवतो. आजही दाखवलं. वर्ग लोटपोट.

हसता हसता ग्रुप फोटो हातोहात फिरत होता. ‘ही बघ, हिची वेणी!’ वगैरे चाललं होतं. चेहऱ्यांचं तसं असतंच. याच बाहरिकच्या 1975 सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात शाळा सोडून तीसेक वर्षं झालेली माणसंही वर्गसोबत्यांचे दहातले नऊ फोटो ओळखत होती. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, ‘‘बाई, हा यात नाहीच!’’

वर्गप्रतिनिधीने फोटो घेतला. वरची रांग, मधली रांग, खालची रांग. परत वरची रांग. मी रजिस्टर उघडलं. आठवीच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. तो नववीत आला होता, बदलीचा दाखला घेऊन. हे मला ठाऊक असायला हवं होतं, कारण नववीपासून वर्गशिक्षिका मीच.

‘‘पण मला आठवतंय बाई,’’ तो म्हणाला. थट्टा नव्हती त्याच्या आवाजात. ‘‘सगळे माझ्याकडे वळून बघत होते.’’

बघत होते खरे, पण ते नववीच्या सहलीत, मी गोष्ट सांगत असताना. एक तास पाहिलेला तो लहानसा चेहरा माझ्या डोक्यातून केव्हाच पुसला गेला असणार, आणि नववीत हा वात्रट पोरगा दिसल्यावर मी ती रिकामी जागा याला देऊन टाकली. बाकीच्यांनाही शंका आली नाही. आठवीच्या पहिल्या दिवशी वेगवेगळ्या शाळांतून आलेली मुलं, कोण कोणाला ओळखतंय!

‘‘मग तो होता कोण?’’ कोणीतरी विचारलं.

खिडकीजवळच्या बाकावर एक मुलगा बसतो. तीन वर्षांत त्याने आपण होऊन हात वर केल्याचं मला आठवत नाही (माझ्या आठवणीवर आता किती विसंबायचं, हा प्रश्न वेगळा). त्याने मान वर न करताच सांगितलं, ‘‘बाई, फळ्यावर दोन त्रिकोण होते. उंची वेगळी, पाया एकच. मला वाटलं आठवी फारच अवघड आहे.’’

माझ्या अंगावर काटा आला. दहावीच्या भूमितीची सुरुवात मी तिथूनच करते, दोन त्रिकोणांच्या क्षेत्रफळांच्या गुणोत्तरापासून. गोष्ट सांगताना त्रिकोणांचा उल्लेख मी कधीच केला नव्हता.

‘‘आणि सतरा नंबरला हजर का म्हणालास?’’

‘‘कोणीच बोलेना, म्हणून.’’

वर्ग हसला, पण जपून. वर्गप्रतिनिधी आपली जागा सोडून त्याच्या बाकाशी गेला. ‘‘अरे, दोन वर्षं मी तुझी गोष्ट सांगतोय. बोलला का नाहीस?’’

‘‘तू चांगली सांगतोस.’’

मी म्हटलं, आता खऱ्या मालकाने सांगू दे. त्याने जोरजोरात मान हलवली. मग वर्गप्रतिनिधीच त्याच्या शेजारी बाकावर टेकला आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. या वेळी ‘मी’च्या जागी ‘हा’ होता, आणि तो दर दोन वाक्यांनी थांबत होता.

‘‘वही कोणती होती रे, शंभर पानी?’’

‘‘दोनशे.’’

‘‘शिपाईकाकांनी हात धरला होता?’’

‘‘दप्तर धरलं होतं.’’

घंटा झाली. कोणीही दप्तर भरलं नव्हतं.