हस्तलिखितातला खोटा सूर्योदय

स्मरणिकेसाठी शाळेची जुनी कपाटं उपसली गेली आणि आमच्या बॅचच्या ग्रुपवर एका पिवळ्या पानाचा फोटो येऊन पडला. नववी ‘ब’चं हस्तलिखित. वर ठसठशीत अक्षरात ‘पन्हाळगडावरील सूर्योदय’ आणि खाली माझं नाव. अक्षर अर्थात माझं नाही, वर्गातल्या एका मुलीचं. ग्रुपवर लगेच ‘नाद खुळा’, ‘भावा, तवापासनंच लेखक की रं तू’ सुरू झालं. मी गप्प बसलो. तो सूर्योदय मी पाहिलाच नव्हता. इतकी वर्षं दाबून ठेवलं, आता सांगून टाकतो.

टूम भूगोलाच्या सरांची. ऐन डिसेंबरात त्यांनी ठरवलं, पोरांना पन्हाळगडावरच्या सज्जा कोठीवरून सूर्य उगवताना दाखवायचा, आणि तेही सायकलनं जाऊन. एसटीनं गेलात तर चढ कळत नाही, हे त्यांचं म्हणणं. कोल्हापूर साधारण १,८०० फुटांवर, पन्हाळा ३,१०० च्या वर. नकाशातल्या समोच्च रेषा पोटऱ्यांना कळल्या पाहिजेत. मुलींना परवानगी नव्हती. ग्रुपवर तो राग अजून अधूनमधून निघतो, आणि रास्तच आहे.

पहाटे तीनला शाळेच्या फाटकातून निघालो. गंगावेश, शिवाजी पूल. पुलावर पंचगंगेचं धुकं इतकं की पुढच्याच्या सायकलची घंटा तेवढी ऐकू यायची. अंतर सगळं मिळून वीस किलोमीटर, पण केर्लीच्या अलीकडं एक गुऱ्हाळ लागलं आणि सगळी फौज आपोआप खाली उतरली. चुलवाणात चिपाड ढकलणारा जाळव्या घामानं निथळत होता आणि आम्ही कानटोप्या घालून कुडकुडत होतो. काहिलीत रस रटरटत होता. गुळव्यानं काही न विचारता उसाच्या कांड्यावर गरम काकवी घेऊन एकेकाच्या हातात दिली. माझी जीभ पोळली. त्या सहलीतली ही एक गोष्ट मी लेखात खरी लिहू शकलो असतो, पण सूर्योदयाच्या लेखात काकवी कशी चालेल, म्हणून गाळली.

वाघबीळला वळलो आणि माझं मागचं चाक बसलं. सायकल भाड्याची, टायरवर नक्षी नावालाही उरलेली नव्हती. सरांनी बाकीच्यांना पी.टी.च्या सरांबरोबर पुढं पिटाळलं आणि स्वतः थांबले. पिशवीतून पाना, सोल्युशन, पॉलिशपेपर आणि जुन्या ट्यूबचे कापलेले तुकडे निघाले. टायर काढायला दोन चमचे. माझ्या डब्याच्या झाकणात त्यांनी बाटलीतलं पाणी ओतलं आणि फुगवलेली ट्यूब वीत वीत करून त्यात बुडवायला लावली. मी एका हातानं बॅटरी धरलेली. बोटं गारठून लाकडं झालेली. बुडबुडा काही सापडेना.

“सर, सूर्य चुकणार,” मी रडकुंडीला येऊन म्हणालो.

“सातच्या आधी कुठला येतोय? आपली घड्याळं मिर्झापूरच्या रेखावृत्तावर. तिथला सूर्य आपल्याकडं यायला तेहतीस मिनिटं. तू ट्यूब फिरव.”

फिरवत राहिलो. एका जागी पाण्यात बारीक मोत्यांची माळ सुटली. “सापडलं!” मी ओरडलो. सर म्हणाले, “मग ती बॅटरी बंद कर की. सेल फुकट जातात.”

तेव्हा लक्षात आलं, भोक बॅटरीशिवायही दिसत होतं. सरांच्या मनगटावरचे केससुद्धा दिसत होते. उजाडलं होतं आणि मी सगळा वेळ पूर्वेकडं पाठ करून उकिडवा बसलो होतो.

गडावर पोचेतो बाकीच्यांचे डबे संपत आले होते. मग सरांनी अंबरखाना, तीन दरवाजा, सगळं फिरवून दाखवलं. सज्जा कोठीत संभाजीराजांचं वास्तव्य होतं हे सांगताना आवाज बारीक केला. मला काही दिसत नव्हतं. मी रुसलो होतो.

परत आल्यावर मराठीच्या बाई म्हणाल्या, १७२९ साली मोरोपंत जिथं जन्मले त्या गावाला जाऊन आलात, चार ओळी तरी लिहा. मी निबंधाचं गाइड काढलं आणि चार पानं लिहिली. ‘सह्याद्रीच्या उत्तुंग शिखरांआडून सहस्ररश्मी डोकावला’ हे त्यातलं बाईंचं आवडतं वाक्य. हस्तलिखितात पहिला नंबर.

फोटोत ते पान मोठं करून पाहिलं, तर त्या वाक्याशेजारी समासात पेन्सिलीची फिकट ओळ दिसली. अक्षर ओळखीचं. ‘सह्याद्रीची मुख्य रांग पन्हाळ्याच्या पश्चिमेस आहे. सूर्य तिकडून उगवला असल्यास वेधशाळेस कळवावे.’

म्हणजे सरांनी वाचलं होतं. मी कुठं होतो हे जगात त्यांच्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं, तरी कुणापाशी बोलले नाहीत. माझ्यापाशीसुद्धा.

परवाच्या रविवारी पहाटे गाडी काढली. कोठीजवळच्या तटाशी जाऊन उभा राहिलो. खाली धुकं दह्यासारखं लागलेलं, त्यातून पावनगड आणि पलीकडं ज्योतिबाचा डोंगर वर आलेला. सातला दोन-चार मिनिटं असताना ज्योतिबाच्या उजव्या अंगाला एक तांबडी कोर आली. शेजारी एक जोडपं फोनमध्ये बघून केस नीट करत होतं. कोरीची भाकरी व्हायला फार वेळ लागला नाही. सहस्ररश्मी वगैरे काही आठवलं नाही, डोळ्यांत पाणी मात्र आलं. वारा फार होता.

तिथूनच सरांना फोन लावला. ऐंशी ओलांडलीय त्यांनी, कानाला यंत्र आहे. दोनदा नाव सांगावं लागलं.

“सर, पन्हाळ्यावरनं बोलतोय. सूर्य बघितला.”

“कुठनं उगवला?”

“ज्योतिबाच्या उजवीकडनं.”

“बरोबर. डिसेंबरात तिथनंच येतोय,” आणि थोडं थांबून, “सायकलनं गेलास?”

“नाही सर, गाडीनं.”

“मग स्टेपनी हाय का बघ.”