'शूक्रूत': कोबी दोनदा, आंबट एकदाही नाही

मिठात आंबवलेल्या कोबीला फ्रेंच लोक 'शूक्रूत' म्हणतात. फ्रेंचमध्ये 'शू' म्हणजे कोबी आणि 'क्रूत' म्हणजे पावाचा वरचा कडक पापुद्रा. त्यामुळे हा शब्द घरचाच वाटतो, पण 'पापुद्र्याचा कोबी' असा अर्थ काढलात तर फसलात.

हा शब्द आला फ्रान्सच्या जर्मनीलगतच्या आल्सास प्रांतातल्या जर्मन बोलीतून. तिथे 'सूर' म्हणजे आंबट आणि 'क्रूत' म्हणजे कोबी. खरा कोबी शब्दाच्या शेवटी होता. अठराव्या शतकातल्या फ्रेंच लिखाणात 'स्यूरक्रूत'सारखी रूपं भेटतात. पुढे अनोळखी 'सूर'च्या जागी ओळखीचा 'शू' बसला. लोकव्युत्पत्तीचं, म्हणजे अनोळखी शब्दाला ओळखीच्या शब्दाचं रूप देण्याचं, इतकं चोख उदाहरण क्वचितच सापडतं: कोबी दोनदा आला, आंबटपणा उडाला. शब्दाचं लिंगही बदललं. जर्मन 'क्राउट' नपुंसकलिंगी, तर 'शूक्रूत' फ्रेंच 'क्रूत'सारखा स्त्रीलिंगी.

शब्द कुठून आला, हे त्यातला 'ऊ' सांगतो. प्रमाण जर्मनमध्ये जुन्या दीर्घ 'ऊ'चा 'आउ' झाला, म्हणून तिथे 'झाउअरक्राउट'. आल्सासच्या बोलीत तो बदल झालाच नाही. म्हणजे शब्द पुस्तकी जर्मनमधून नव्हे, तर सीमेवरच्या स्वयंपाकघरांतून गेला. आल्सासमधलं स्ट्रासबर्ग शहर 1681 मध्ये फ्रान्सकडे आलं, तरी घराघरांतली बोली जर्मनच राहिली. इंग्रजीने मात्र प्रमाण जर्मन रूप जसंच्या तसं उचललं.

जाता जाता: 'शू' लॅटिन 'कॉलिस'वरून आला. पोर्तुगीज 'कोव'चं मूळही तेच, आणि आपला 'कोबी' त्या 'कोव'वरून आल्याचं मानतात.

आता पदार्थ. 1 किलो बारीक चिरलेल्या कोबीला 20 ते 25 ग्रॅम मीठ चोळायचं, बरणीत दाबून भरायचं आणि वर वजन ठेवायचं. सुटलेल्या पाण्यात कोबी पूर्ण बुडायला हवा. वर राहिलेल्या भागावर बुरशी धरते. 18 ते 20 अंशांत तीन-चार आठवडे लागतात. मीठ कमी पडलं किंवा उष्मा वाढला की कोबी लिबलिबीत होतो. आपल्याकडच्या मे महिन्यात हीच पंचाईत. मीठ जास्त झालं किंवा नीट मिसळलं नाही, तर यीस्ट वाढून गुलाबी छटा येते. तसा कोबी टाकून द्यावा.